दुमडलेला फॉर्म चालणार नाही

दुमडलेला फॉर्म ते घेत नसत. आमच्या शाळेत त्यांची पहिली ओळख व्हायची ती अशी.

शाळेच्या ऑफिसला लाकडी झडपेची एक खिडकी होती, झडपेमागे काच आणि काचेखाली फॉर्म सरकवायला फट. बरोबर अकराला झडप वर जायची. आत खाकी बाईंडिंगच्या रजिस्टरांच्या भिंतीसमोर ते बसलेले असायचे, अंगात तपकिरी कोट. मे महिन्यातही कोट. कोणी फॉर्म आत सरकवला की ते तो आधी वाचायचे नाहीत. उजेडात आडवा धरायचे आणि घडी पडली आहे का ते बघायचे.

"घडी आहे. चालणार नाही. कोरा घेऊन जा, उद्या या."

"अहो भाऊसाहेब, खिशात घालून आणला. घडी पडणारच की."

"मग खिसा मोठा शिवा."

ते शाळेचे हेडक्लार्क होते. नाव लिहीत नाही. विनाकारण कागदावर नाव येऊ नये, असं ते स्वतःच म्हणत. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, तसं सगळी शाळा त्यांना भाऊसाहेब म्हणे. मुलं पाठीमागे 'खिडकी' म्हणत. "खिडकीने बोलावलंय" असं कोणी सांगितलं की वाटायचं, यापेक्षा हेडमास्तर परवडले. ते रागावले तर छडी मारून मोकळे होत. खिडकी प्रश्न विचारायची.

त्यांच्याकडे एक जुनी काळी सायकल होती. सकाळी ते तिच्यावर बसून शाळेत येत. संध्याकाळी ती हातात धरून चालत घरी जात, रोज. पंक्चर नाही, चेन पडलेली नाही, तरी चालत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सकाळी वेळेवर पोचायचं असतं. संध्याकाळी कुठे पोचायचंय?" घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, हे मला पुढे कळलं.

माणूस हेडमास्तर असो की भाजीबाजारात बसणारी बाई असो, ते सगळ्यांना अहोजाहो करत. अरेतुरे फक्त आम्हा मुलांना आणि फॉर्मना. "ये, इकडे ये, कुठे लपला होतास?" असं एखाद्या हरवलेल्या फॉर्मशी बोलताना मी त्यांना ऐकलं आहे.

हे सगळं गमतीचं वाटतं. आम्हालाही वाटायचं. गंमत कुठे संपते ते सांगण्यासाठी त्या वेळची पद्धत सांगितली पाहिजे.

तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. आठवी संपताना पुढच्या तीन वर्षांचे विषय निवडायचा फॉर्म भरावा लागे. त्यात एक रकाना गणिताचा. अवघड गणित म्हणजे बीजगणित आणि भूमिती. साधं गणित म्हणजे अंकगणितच, थोडं वाढवलेलं. मुलींना त्याऐवजी गृहशास्त्रही घेता येई. साध्या गणितात मार्क पडत, अवघड गणितात पोरं पडत. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाचे आईबाप साधंच लिहीत, आणि मास्तर मान डोलावत. कोणी सांगायचं नाही ते एवढंच, की साधं गणित घेतलेल्या मुलाचा अर्ज कॉलेजची सायन्स शाखा घेत नाही. मार्क कितीही असोत. डॉक्टर, इंजिनियर, ओझरच्या विमान कारखान्यातली ड्रॉइंग ऑफिसची खुर्ची, सगळ्यांचा रस्ता त्या एका रकान्यातून जायचा. रकाना भरताना तो रस्ता कोणाला दिसत नसे.

आमच्या शाळेत अ, ब आणि क अशा तुकड्या होत्या. क तुकडीत आमच्या कॉलनीची मुलं, कामगारांची, हमालांची, भाजीवाल्यांची मुलं. आम्हाला फॉर्म मिळायचा तोच गणिताच्या रकान्यात पेन्सिलीने 'साधं' लिहिलेला. वर्गशिक्षकांचं अक्षर सुंदर होतं. हेडमास्तरांच्या खोलीत निकालाचा फळा होता, त्यावर दर वर्षी टक्केवारी रंगवली जायची. तो फळा आमच्या पेन्सिलीवर उभा होता.

माझे वडील, आप्पा, ओझरला कारखान्यात हेल्पर होते. पहाटे कारखान्याची बस पकडत. संध्याकाळी कॉलनीतल्या विहारात सभा, आणि सभेसाठी पत्रकं. आमच्या घरात पुस्तकं चार असतील, पण पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असत. मी अक्षरं ओळखायला लागले ती पत्रकांवर, आणि पत्रकं मोजून, घडी घालून वाटायला लागले तेव्हा सात वर्षांची होते. जगात काही चुकतंय म्हणजे त्यावर पत्रक निघालं पाहिजे, अशी माझी तेव्हापासूनची समजूत आहे. अजूनही फारशी बदललेली नाही.

आणि अशा घरातून माझा फॉर्म भरला गेला तो साधं गणित लिहून. आप्पांनी पेन्सिलीवर शाईने गिरवलं. त्यांचा हिशेब साफ होता. मुलीने साधं घ्यावं, भरपूर मार्क पाडावेत, डी.एड.ला नंबर लावावा. डी.एड.ची यादी एकूण मार्कांवर लागते, तिथे भूमिती कोणी विचारत नाही. दोन वर्षांत मास्तरीण. कॉलनीतली पहिली. मी हे लिहिताना त्यांना मूर्ख ठरवत नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता.

रजा टाकून ते माझ्याबरोबर खिडकीवर आले.

"जयभीम," आप्पा म्हणाले.

"जयभीम," आतून आवाज आला. "फॉर्म दुमडलाय."

"शर्टाच्या खिशात होता, भाऊसाहेब."

"चालणार नाही. आत येऊन बसा. नवा देतो, इथेच भरा."

आम्ही आत गेलो. आप्पा स्टुलावर, मी उभी. त्यांनी कोरा फॉर्म काढला, पण दिला नाही. हाताखाली धरून ठेवला.

"कुठे असता?"

"ओझरला. हेल्पर."

"विमानाच्या कारखान्यात. तिथे ड्रॉइंग वाचून काम सांगतो तो माणूस कोण?"

"सुपरवायझर साहेब."

"त्यांना भूमिती येते?"

आप्पा हसले. "येत असणार."

"तुम्हाला?"

"नाही."

"मुलीला?"

आप्पांनी दुमडलेला फॉर्म मांडीवर सरळ केला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण ती नापास झाली तर? आमच्यात एकदा नापास झालेल्या पोरीला दुसऱ्यांदा कोण बसवतो? तुमचं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही," ते म्हणाले. "म्हणून तर मी सांगू शकतो. कमी मार्क पडले तर पुढे भरून काढता येतात. न घेतलेला विषय भरून काढता येत नाही. डी.एड.चं दार भूमिती घेतली तरी उघडं आहे, थोडं अरुंद होईल. साधं घेतलं तर दुसरं दार नाहीच. आता हा घ्या फॉर्म आणि तुम्हाला वाटेल ते लिहा. मी घेईन."

आप्पांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "काय गं, झेपेल?"

मला भूमिती म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. पण वर्गशिक्षकांची ती सुंदर पेन्सिल डोळ्यासमोर आली आणि मी म्हणाले, "झेपेल." मला गणिताची ओढ नव्हती, मला राग आला होता. आप्पांनी 'अवघड' लिहिलं.

दोन वर्षांनी, दहावीत असताना मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'क तुकडीला भूमिती का नाही?' आप्पांच्या मित्राच्या छापखान्यात पायाने चालवायच्या मशिनवर ते छापलं आणि शाळेच्या फाटकावर वाटलं. दुसऱ्या तासाला शिपाई आला. खिडकीने बोलावलं होतं.

पत्रक त्यांच्यापुढे होतं. लाल पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघा.

"'क तुकडीला भूमिती नाही' असं लिहिलंयस. खोटं आहे. तू क मध्ये आहेस आणि तुला भूमिती आहे."

"मला तुम्ही..."

"मी काही दिलेली नाही. मागितली तर मिळते. पण मागता येते हे कोणी सांगत नाही. असं लिही. हे जास्त वाईट आहे आणि खरं आहे. आणि ही दुसरी ओळ, 'शिक्षकांचं कारस्थान'. कुठे शिजलं? तू होतीस?"

"नाही."

"मग काढ. ते कारस्थान करत नाहीत. ते फळा रंगवतात. तुझं पत्रक हेडमास्तर वाचतील, एक खोटी ओळ शोधतील आणि तिच्यावर बोट ठेवून बाकीचं सगळं केराच्या टोपलीत टाकतील. त्यांना ती ओळ देऊ नकोस."

मी भडकले होते. "म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूचे."

"मी खिडकीच्या आतल्या बाजूचा," ते म्हणाले. "शिक्षा म्हणून आठवीचे हे फॉर्म तुकडीवार लाव."

त्या गठ्ठ्याशी बसले तेव्हा मला ते दिसलं. घेतलेल्या फॉर्मांतले कितीतरी दुमडलेले होते. काही चार घड्यांचे, एक तर पुडीसारखा चुरगाळलेला, त्यावर चहाचा डाग. त्या सगळ्यांवर गणिताच्या रकान्यात 'अवघड' होतं. साधं गणित लिहिलेला एकही दुमडलेला फॉर्म त्या गठ्ठ्यात नव्हता.

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.

"हे पत्रकात लिहायचं नाही," ते म्हणाले. "ही ओळ खरी आहे, तरी."

असं होतं ते. ज्याने मुलासाठी साधं लिहिलं त्यालाच दुसऱ्यांदा यावं लागे, आत बसावं लागे आणि पुढे कोणती दारं बंद होतात ते ऐकावं लागे. ऐकून मग त्याने साधं लिहिलं तर ते मुकाट घेत. त्याच्यापलीकडे त्यांनी कोणाचा रकाना कधी बदलला नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत नियमाचा इतका खोटा वापर इतक्या प्रामाणिकपणे कोणी केलेला नाही.

मॅट्रिकला मला अठ्ठावन्न टक्के पडले. अ तुकडीतल्या एका मुलीला एकाहत्तर. ती डॉक्टर होणार असं पाचवीपासून सगळे म्हणत. टक्केवारी जपावी म्हणून तिने आठवीत गृहशास्त्र घेतलं होतं. तिचा फॉर्म तिचे वडील पाठीला पुठ्ठा लावून, सरळ आणून देऊन गेले होते. गावातल्या मोठ्या कॉलेजच्या सायन्सच्या रांगेत ती माझ्या पुढे उभी होती. तिची मार्कशीट बघून तिथल्या क्लार्कने अर्ज परत केला. "गणित नाही. घेता येत नाही." ती दोनदा म्हणाली, "पण एकाहत्तर आहेत." मग माझा अर्ज घेतला गेला आणि दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं, शेवटून चौथं. ती डी.एड. झाली, आज चांगली शिक्षिका आहे. तिचं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण ती रांगेतून बाहेर पडली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

आणि लिहून ठेवायला हवं ते शांताचं.

शांता माझ्या बाकावर बसायची. आमच्याच कॉलनीतली. तिची आई भाजीबाजारात बसे. शांताचाही फॉर्म 'दुमडलेला' निघाला होता, तिच्याही आईला त्यांनी आत बसवून सांगितलं होतं, आणि आईने अवघडवर अंगठा उठवला होता. मॅट्रिकला शांता बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात बावीस. ऑक्टोबरला पुन्हा बसली, सव्वीस. दोन्ही वेळा नापास.

तिची आई खिडकीवर आली त्या दिवशी मी कॉलेजातून बोनाफाईडच्या कामासाठी शाळेत आले होते. ती ओरडली नाही. तिने भाजीची पाटीसुद्धा खाली ठेवली नाही.

"भाऊसाहेब, तुम्ही बोलले म्हनून म्या अंगठा दिला. पोरीला नर्स व्हायचं व्हतं. त्याला निस्ती मॅट्रिक पास लागती. साधं घेतलं असतं तर आज पांढऱ्या साडीत असती. आता घरात बसलीय. मागणं आलंय, देऊन टाकू का? तुम्हीच सांगा, तुम्हाला लय कळतं."

ती थोडा वेळ थांबली आणि गेली. त्यांनी झडप खाली घेतली. साडेबारा वाजले होते. त्या खिडकीची झडप पाचच्या आधी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मी मागच्या दाराने आत गेले. ते रजिस्टरकडे बघत होते.

"शांताला कोणीतरी नीट शिकवायला पाहिजे," मी म्हणाले. "तुम्ही शिकवा."

"मला भूमिती येत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माझं मॅट्रिक साध्या गणिताचं आहे," ते म्हणाले. "चांदवडला होतो. मास्तरांनी माझ्या भल्यासाठी साधं दिलं. शाळेत पहिला आलो. वडील पोस्टमन होते, त्यांनी गावभर पेढे वाटले. इथे कॉलेजात सायन्सला अर्ज घेऊन आलो. खिडकीवरच्या माणसाने गणिताचा रकाना बघितला, पुढचं काही वाचलं नाही. अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि परत दिला. मी तो फॉर्म चांदवडपासून पुस्तकात घालून सरळ आणला होता."

मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. अठरा वर्षांची होते आणि सगळ्यांवर रागावण्याचा मला सराव होता.

"म्हणजे तुम्हाला स्वतःला येत नाही ते तुम्ही आमच्या गळ्यात मारलंत? कोणत्या अधिकाराने?"

"दार बंद होतं ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "आत काय आहे, किती चढ आहे, ते माहीत नव्हतं. तिथे चुकलं."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून निळी पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि म्हणाले, "शांताच्या आईला सांग, मागणं सहा महिने थांबवा. मार्चला शांता बसेल. मीही बसेन. तू आम्हा दोघांना शिकव."

मी हसले. ते हसले नाहीत. नुसता एखादा विषय बाहेरून देता येतो, त्याचा फॉर्म असतो. तो त्यांच्याइतका कोणाला माहीत असणार? त्यांनी माझ्यासमोर तो भरला, न दुमडता.

शांताच्या आईने सहा महिने दिले. "त्ये सोता बसनार?" एवढंच तिने विचारलं.

रोज पाचनंतर ऑफिसची झडप पडायची आणि आतल्या टेबलावर आमचा वर्ग भरायचा. शांता, पंचावन्न वर्षांचे ते, आणि शिकवणारी मी. ते फार वाईट विद्यार्थी होते. त्यांना पहिल्या शब्दापासून अडचण.

"'समजा अ ब क हा त्रिकोण आहे.' समजा का? आहे की नाही?"

"भाऊसाहेब, समजायचं असतं."

"'समजा' म्हणून या ऑफिसातला एक कागद हलत नाही."

शांताला तोपर्यंत त्यांची भीती राहिली नव्हती. "भाऊसाहेब, तुमचा कोन शाळेच्या बाहेर गेला," ती म्हणायची. किंवा, "तुमच्या रेघेला घडी पडलीय, चालणार नाही." ते निमूट खोडत. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की त्यांना समजावताना शांतालाच जास्त समजतंय. एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली. सिद्धता लिहिताना उजव्या बाजूला कारण लिहावं लागतं. प्रत्येक विधानापुढे त्याचं कारण.

"हे बरंय," ते म्हणाले. "प्रत्येक ओळीला कारण. शासनाचं एक तरी परिपत्रक असं लिहिलेलं दाखव."

मार्चला दोघं एकाच केंद्रावर बसले. ते कोट घालून वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं उभी राहिली, शांताने नंतर सांगितलं. पर्यवेक्षक आमच्याच शाळेचे एक शिक्षक होते. ते गडबडले. "भाऊसाहेब, तुम्ही इथे? काही निरोप?"

"सीट नंबर बघा," हे म्हणाले आणि बाकावर बसले. बाक लहान होतं. गुडघे बाहेर.

शांताला एक्केचाळीस पडले. त्यांना एकोणीस.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली मार्कशीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, फॉर्म द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. हेडमास्तर धावत आले.

"अहो हे काय? काढा ते. शाळेची अब्रू आहे काही."

"माझी मार्कशीट आहे, सर. शाळेची नाही. शाळेच्या फळ्यात धरू नका."

"पालक काय म्हणतील? हेडक्लार्क नापास?"

"म्हणू देत. अवघड गणितात माणूस नापास होतो, हेही मी त्यांना सांगायला हवं होतं. इतकी वर्षं अर्धंच सांगत होतो."

मार्कशीट राहिली. त्यानंतर 'साधं' लिहिलेला फॉर्म घेऊन येणाऱ्याला आत बसवल्यावर ते दोन्ही गोष्टी सांगत: विषय न घेतला तर काय होतं ते, आणि मग काचेकडे बोट दाखवून, घेतला तर काय होऊ शकतं ते. मग म्हणत, "नापास झालात तर संध्याकाळी पाच वाजता इथे या." आणि मुलं येऊ लागली. पुढच्या वर्षी त्या टेबलाभोवती नऊ जण होते. मी कॉलेजातून येऊन शिकवत असे. मी आज गणित शिकवून पोट भरते, त्याची सुरुवात त्या टेबलाशी आहे. आप्पांची मास्तरीण शेवटी झालीच, फक्त लांबच्या रस्त्याने.

ते पुन्हा बसले. सत्तावीस. तीही मार्कशीट काचेला लागली.

मग नवा अभ्यासक्रम आला. मॅट्रिक दहावीला आली आणि गणित सगळ्यांना सक्तीचं झालं. साधं-अवघड हा रकानाच फॉर्मवरून गेला. मी पेढे घेऊन खिडकीवर गेले. ज्यासाठी त्यांनी इतकी वर्षं खोट्या घड्या शोधल्या ते सरकारने एका कागदावर करून टाकलं होतं. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "दार गेलेलं नाही. दोन वर्षं पुढे सरकलंय. आता अकरावीला हाच खेळ होईल, तिथल्या खिडकीवर लक्ष ठेव." तसंच झालं. आज अकरावीला कोणी गणित सोडतं, कोणी जीवशास्त्र सोडतं, सोळाव्या वर्षी, टक्केवारीसाठी, आणि पुढचं दार बंद झालेलं दोन वर्षांनी कळतं.

त्यांच्यापुढे मात्र वेगळीच अडचण होती. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा आता फक्त राहिलेल्यांसाठी आणि शेवटचीच होणार होती. ते त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात नारळ आणि शाल घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून भूमितीला बसले.

छत्तीस पडले. पास.

मला वाटलं, संपलं. जूनमध्ये ते आमच्या घरी आले. सायकल दाराला टेकवून ठेवली. हातात पुठ्ठ्यात घातलेला कागद.

"तू त्या कॉलेजच्या खिडकीपुढे उभी राहिलेली आहेस. रांग कुठून सुरू होते ते दाखव."

आम्ही गेलो, सायकल त्यांच्या हातात. सायन्सच्या प्रवेशाची रांग पोर्चपर्यंत होती, सगळी मिशी न फुटलेली मुलं. हे मध्ये कोट घालून, अठ्ठावन्न वर्षांचे. मागचा मुलगा म्हणाला, "काका, पालकांची रांग तिकडे आहे." हे म्हणाले, "मी उमेदवार आहे." रांग हसली. दोन तास आम्ही उभे होतो. मी दोनदा म्हटलं, भाऊसाहेब, बसा थोडं. ते बसले नाहीत.

खिडकीवरचा क्लार्क तरुण होता. त्याने अर्ज घेतला. त्यांची जुनी मार्कशीट पाहिली, नवी पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा वाटून तो चिडेल अशी मला भीती होती. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "काका, गणित आहे, अर्ज घेता येतो. पण गणितात छत्तीस आहेत. यादी त्या मार्कांवर लागते. नाव लागणार नाही."

"अर्ज घेता येतो?"

"घेता येतो. पण यादीत..."

"यादीचं तुम्ही बघा. अर्ज घ्या."

क्लार्कने शिक्का मारला. अर्ज सरळच्या सरळ गठ्ठ्यावर ठेवला आणि पोच फाडून दिली.

यादीत नाव लागलं नाही. तिन्ही याद्या मीच जाऊन वाचल्या. ते वाचायला गेले नाहीत.

शांता तेव्हा देवळाली कॅम्पला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. परवा भेटली तेव्हा मी तिला सांगितलं की मी भाऊसाहेबांवर लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पण खरं लिही. भूमिती मला कुठेच लागली नाही. माझं अख्खं वर्ष गेलं. आणि त्या टेबलावर बसले नसते तर मी पुढे काहीच करू शकले नसते, तेही लिही." दोन्ही लिहिलं आहे.

अर्ज दिला त्या दिवशी आम्ही कॉलेजच्या फाटकाबाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी पोच पुन्हा एकदा वाचली. तिची मधोमध घडी घातली, आणखी एक घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग सायकलचं स्टँड काढलं. नेहमीप्रमाणे ती हातात धरून चालतील म्हणून मी शेजारी चालायला लागले.

"तू जा," ते म्हणाले. "मला कॅम्पात जायचंय. सहाला शांताची ड्यूटी सुरू होते, त्याच्या आत तिला पोच दाखवली पाहिजे."

आणि त्यांनी सायकलवर टांग मारली.